नऊ मिलिमीटरची गोळी, सव्वा सेंटिमीटरची भिंत

न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये लेकीकडे, मुलाकडे चार महिने राहून आलेल्या मराठी आईवडिलांना तिथल्या घराची एक खूण हमखास आठवते. भिंतीवर बोटानं टकटक केलं, की भिंत पोकळ वाजते. आत लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या दोन्ही अंगांना अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते, म्हणजे जेमतेम सव्वा सेंटिमीटर, आणि मध्ये बहुतेक ठिकाणी नुसती हवा. या भिंतीला तिथे ड्रायवॉल म्हणतात. तसबीर टांगायची तर आधी आतलं लाकूड कुठे आहे ते चाचपावं लागतं.

पिस्तुलाची नऊ मिलिमीटरची गोळी या भिंतीतून आरपार जाते. तिच्या पलीकडच्या भिंतीतूनही जाते, आणि पुष्कळदा तिच्याही पलीकडच्या.

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी बंदूक घेणारा माणूस दुकानात उभा राहतो, तेव्हा काउंटरवर चर्चा होते ती वजनाची, किमतीची, मॅगझिनमध्ये किती काडतुसं मावतात याची. भिंतीची गोष्ट निघालीच तर शेवटी निघते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या ७२ टक्क्यांनी संरक्षण हे ती बाळगण्याचं मोठं कारण असल्याचं म्हटलं. शिकार आणि नेमबाजीचा खेळ ही कारणं बरीच मागे पडली आहेत. म्हणून घरासाठी आणि रेंजसाठी अशी दुहेरी उपयोगाची म्हणून विकली जाणारी बंदूक नीट तपासून पाहायला हवी. गेल्या काही वर्षांत या दुहेरी दाव्यानिशी सर्वांत जोरात पुढे आलेला प्रकार म्हणजे पिस्तूल कॅलिबर कार्बाईन, तिथल्या बोलीत पीसीसी.

कार्बाईन म्हणजे आखूड रायफल. पीसीसी खांद्याला लावून दोन्ही हातांनी चालवायची, पण तिच्यात काडतूस पिस्तुलाचं, बहुतेक वेळा ९ बाय १९ मिलिमीटरचं. कल्पना जुनी आहे. विंचेस्टरनं १८७३ ची आपली प्रसिद्ध रायफल .४४-४० या काडतुसासाठी काढली, आणि पाच वर्षांनी कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. घोड्यावरून मैलोन्‌मैल जाणाऱ्या माणसाला कमरेला काडतुसांचा एकच पट्टा पुरू लागला. आज घोडा नाही, पण हिशेब तोच आहे. खिशातल्या ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिन खांद्यावरच्या कार्बाईनमध्ये बसावी, असं गिऱ्हाइकाला वाटतं.

डिसेंबर २०१७ मध्ये रुगर कंपनीनं आणलेली पीसी कार्बाईन नेमकी याच इच्छेवर बेतलेली आहे. तिच्याबरोबर मॅगझिन बसवायचे दोन साचे येतात. एकात रुगरच्या पिस्तुलांची मॅगझिन बसते, दुसऱ्यात ग्लॉकची. वजन सुमारे ३.१ किलो, नळी १६ इंचांहून किंचित जास्त, एकूण लांबी सुमारे ८७ सेंटिमीटर. एक खटका ओढून पुढचा भाग फिरवला, की बंदूक दोन तुकड्यांत सुटते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. सुरुवातीची छापील किंमत ६४९ डॉलर होती. या वर्गातली ही सर्वांत सुबक बंदूक नाही. पण मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला परवडणारी आणि सहज मिळणारी आहे, म्हणून या प्रकाराची परीक्षा तिच्यावर घ्यायला ती योग्य ठरते.

आधी १६ इंचांचं कोडं. पिस्तुलाचं काडतूस चार-साडेचार इंची नळीसाठी घडवलेलं असतं, मग ही नळी एवढी लांब का? उत्तर यंत्रशास्त्रात फार थोडं आहे आणि कायद्यात बरंच. टोळीयुद्धांच्या काळात थॉमसन सबमशीनगननं गाजवलेल्या दहशतीनंतर १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. त्यानं मशीनगनबरोबर आखूड नळीच्या रायफलींवरही नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. रायफलीची नळी आज १६ इंचांहून आखूड असली, तर ती त्या कायद्याच्या कचाट्यात सापडते. त्यावर पळवाट म्हणून मग दस्ता नसलेली, कायद्याच्या भाषेत ‘पिस्तूल’ असलेली आखूड शस्त्रं निघाली, आणि २०१२ मध्ये त्यांना हाताला बांधायचा आधार आला. हा ब्रेस मुळात अपंग माजी सैनिकासाठी बनवला होता, पण लोक तो सर्रास खांद्याला टेकवू लागले. केंद्रीय यंत्रणेनं जानेवारी २०२३ मध्ये नियम काढून अशी शस्त्रं आखूड रायफली ठरवली. जून २०२४ मध्ये टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायालयानं तो नियम रद्द केला. आणि जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानं आखूड रायफली आणि सायलेन्सर यांच्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, नोंदणी मात्र ठेवली. आटोपशीर बंदूक हवी असलेल्या माणसाला त्यामुळे फूटपट्टीइतकंच कायद्याचं पुस्तक हाताशी ठेवावं लागतं.

लांब नळीनं गोळीला थोडा वेग जास्त मिळतो. ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपासची गोळी पिस्तुलातून सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगानं सुटते, कार्बाईनमधून ४०० च्या पुढे. ऊर्जेत सुमारे एक तृतीयांश वाढ होते. मात्र १४७ ग्रेनच्या जड गोळीला एवढा फायदा होत नाही, कारण तिच्यामागची दारू बरीच आधी जळून संपलेली असते. विक्रेते हा वेगाचा आकडा मोठ्या उत्साहानं सांगतात. तो कितपत कामाचा आहे, ते पुढे पाहू.

आतली यंत्रणा समजून घेतल्याशिवाय या बंदुकीचा स्वभाव कळत नाही. बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेली असतात, दाब उतरल्यावरच सुटतात. स्वस्त पीसीसीत असं काही अडकत नाही. गोळी पुढे जाते, काडतुसाची रिकामी पुंगळी बोल्टला मागे ढकलते, आणि त्या बोल्टला पुरेसा वेळ थोपवून धरायचं काम फक्त त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग करते. म्हणून हा बोल्ट जड ठेवावा लागतो. प्रत्येक गोळीला एवढं पोलाद मागे जाऊन आदळतं. पिस्तुलाचं काडतूस असूनही खांद्याला बसणारा धक्का अपेक्षेपेक्षा ठसठशीत असतो, आणि दुर्बिणीतला ठिपका निशाण्यावरून हलतो. रुगरनं यावर उपाय म्हणून बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन बसवलं. बोल्ट थांबतो त्या क्षणी ते वजन उलटं आदळून आपटण्याचा झटका कमी करतं. हेकलर अँड कॉखनं एमपी-५ या सबमशीनगनसाठी १९६० च्या दशकातच वेगळा मार्ग काढला होता. त्यात दोन छोटे रोलर बोल्टला क्षणभर अडवतात, त्यामुळे बोल्ट हलका ठेवता येतो. सिग सावरच्या एमपीएक्समध्ये गॅसवर चालणारी यंत्रणा आहे. या दोन्ही जातींच्या बंदुका हातात लोण्यासारख्या चालतात, पण किंमत रुगरच्या कित्येक पट असते.

आता रेंजवर. इथे पीसीसीला मनापासून दाद द्यावी लागते.

पिस्तूल फक्त दोन हातांच्या पंज्यांत असतं. कार्बाईनला चार आधार मिळतात: दोन हात, खांदा आणि गाल. नवशिक्या माणसाला पिस्तुलानं १५ यार्डांवर कागद चुकवताना पाहिलेल्या प्रशिक्षकांना हा फरक शब्दांत सांगावा लागत नाही. तोच माणूस कार्बाईन घेतो, लाल ठिपक्याची दुर्बीण डोळ्यासमोर धरतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात गोळ्या मध्याजवळ एकत्र पडू लागतात. बऱ्याच बंदिस्त रेंजवर रायफलीच्या काडतुसांना मनाई असते, पिस्तुलाच्या काडतुसांना नसते. पोलादी निशाणांवर पिस्तुलाच्या गोळ्या सात मीटरांपासून मारता येतात, रायफलीला त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. शिवाय नऊ मिलिमीटर हे मोठ्या काडतुसांमधलं सर्वांत स्वस्तात मिळणाऱ्यांपैकी एक. चार डबे जास्त उडवता आले तर सराव जास्त होतो, आणि सरावाला पर्याय नाही.

युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशननं, म्हणजे यूएसपीएसएनं, २०१६ मध्ये पीसीसीला वेगळा वर्ग दिला, आणि हा प्रकार खऱ्या अर्थानं फोफावला. पाठीचं किंवा मनगटाचं दुखणं असलेले, डोळे अधू झालेले जुने पिस्तूलबाज परत मैदानात आले. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात या बंदुकीच्या चेंबरमध्ये भडक रंगाची प्लॅस्टिकची पट्टी खोवून ठेवायचा नियम आहे. आत काडतूस नाही, हे लांबूनही कुणालाही दिसावं. खेळानं लावलेली ही शिस्त फार मोलाची आहे.

एक बारकावा मात्र रेंजवर शिकलाच पाहिजे. ज्या कार्बाईनवर दुर्बीण उंच बसवतात, तिच्यात डोळ्याची रेषा नळीच्या सहा-सात सेंटिमीटर वर असते. २५ यार्डांवर जुळवलेला नेम तीन-चार मीटरांवर जवळजवळ तेवढाच खाली पडतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. घरात खोलीची लांबीच चार मीटर असते.

याच जागी रेंज आणि घर यांच्या वाटा फुटतात. रेंजवर निशाण कोणतं ते आधी ठरलेलं असतं, त्याच्यामागे मातीचा बांध असतो, कानांवर कर्णरक्षक असतात, दिवे लख्ख असतात, आणि बंदूक चालवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात. रात्री अडीच वाजता यातलं काहीही नसतं. एका हातानं दाराची मूठ फिरवायची असते, ९११ ला फोन लावायचा असतो, लहान मूल उचलायचं असतं. पिस्तूल एका हातात धरून हे कसंबसं जमतं, ८७ सेंटिमीटरची कार्बाईन घेऊन जमत नाही. केल-टेकची सब-२००० मधोमध दुमडून १६ इंचांची होते आणि दोन किलोंच्या आसपास भरते, पण दुमडलेली असताना ती चालत नाही. घरात दबा धरून एका खोलीत थांबायचं, मुलं तिथेच गोळा करायची, दाराकडे तोंड करून पोलिसांची वाट पाहायची, असं कुटुंबानं आधी ठरवलेलं असेल, तर कार्बाईनची लांबी आड येत नाही. अंधाऱ्या बोळातून खोल्या धुंडाळत फिरायचा विचार असेल, तर तो विचारच चुकीचा आहे, मग हातात कोणतंही शस्त्र असो. वयस्कर माणसांसाठी ही बंदूक सोपी असंही सांगितलं जातं. नेम धरायला सोपी आहे, हे खरं. पण जड बोल्ट मागे ओढायलाही ताकद लागते. आजीच्या हातून तो ओढला जातो का, हे दुकानातच पाहून घ्यावं.

बंदुकीवरचा टॉर्च ही चैनीची वस्तू समजली जाते. तो सर्वांत आधी घ्यावा, कारण समोर कोण आहे ते दिसायलाच हवं. १४ फेब्रुवारी २०१३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरियसनं न्हाणीघरातल्या बंद दारातून नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलातून चार गोळ्या झाडल्या. आत घुसखोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव होता. दारामागे त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्प होती. २०१५ च्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि दारामागे कोणीही असलं तरी गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, हे स्पष्ट केलं. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत १६ वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावांना घ्यायला निघाला आणि सारख्याच आकड्याच्या ‘टेरेस’ऐवजी ‘स्ट्रीट’वरच्या घराची बेल वाजवून बसला. घरमालकानं काचेच्या दारातून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, ही केवळ नशिबाची गोष्ट. या दोन्ही प्रसंगांत शस्त्र व्यवस्थित चाललं होतं.

गोळीचा विचारही इथे येतो. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन बँक-दरोडेखोरांशी चकमक झाली. नऊ मिलिमीटरची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्या धक्क्यातून आजची चाचणी-पद्धत तयार झाली. मांसासारख्या घनतेच्या जिलेटिनमध्ये, कधी जाड कपड्यांआडून, कधी ड्रायवॉलच्या तुकड्यांआडून गोळी मारायची, आणि ती १२ ते १८ इंच आत जाते का ते मोजायचं. एफबीआय आधी दहा मिलिमीटरकडे, मग .४० कडे वळली आणि गोळ्यांची घडण सुधारल्यावर २०१० च्या दशकात पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली.

या गोष्टीचा कार्बाईनशी थेट संबंध आहे. पुढे पोकळी असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेली असते. कार्बाईनमधून ती जास्त वेगानं गेली, की कधी फार लवकर फुलते आणि कमी आत जाते, कधी तिचे तुकडे होतात. वेगाचा वाढीव आकडा म्हणजे नफाच, असं धरून चालत नाही. कोणती गोळी आपल्या बंदुकीतून कशी वागते हे पाहूनच निवड करावी लागते. आणि ड्रायवॉलमधून जाताना त्या पोकळीत जिप्समची भुकटी भरली, तर गोळी फुलतच नाही, साध्या गोळीसारखी पुढे जाते. एआर-१५ च्या हलक्या, वेगवान गोळ्या भिंतीत शिरताच गडबडतात, फुटतात, म्हणून काही चाचण्यांत त्यांनी नऊ मिलिमीटरपेक्षा कमी भिंती भेदल्या आहेत. रायफल घरासाठी जास्त धोक्याची आणि पिस्तुलाचं काडतूस सौम्य, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत त्यामुळे डळमळते. तरीही माणसाला थांबवू शकणारी कोणतीही गोळी सव्वा सेंटिमीटरच्या तक्त्यानं अडत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावलाय, हे बंदूक घेणाऱ्यानं दिवसाउजेडी फिरून पाहून ठेवलं पाहिजे.

आवाजाबद्दल थोडंसंच. पिस्तुलाचा बार कानाजवळ १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या वरच्या एका आवाजानंही कायमची इजा होऊ शकते. लांब नळीमुळे कार्बाईन कमी कर्कश असते, पण बंद खोलीत तीही कानांना पेलणारी नाही.

भारतातल्या वाचकाला ‘कार्बाईन’ म्हटलं की पोलिसांच्या खांद्यावरची, कानपूरच्या कारखान्यातून आलेली नऊ मिलिमीटरची स्टर्लिंग आठवते, किंवा नोव्हेंबर २००८ मध्ये ताज हॉटेलात शिरणाऱ्या एनएसजी कमांडोंच्या हातातली एमपी-५. दोन्ही सबमशीनगन, सरकारी. भारतात सामान्य नागरिकाला नऊ मिलिमीटरचा परवाना मिळत नाही, ते निषिद्ध बोअर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात. पुण्याच्या पाषाणमधल्या डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेनं महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर याच काडतुसाचं ‘अस्मी’ नावाचं मशीन पिस्तूल विकसित केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी त्यात पुढाकार घेतला. ते सैन्यासाठी आहे, घरासाठी नाही.

अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी मात्र दोन गोष्टी अगदी व्यवहाराच्या आहेत. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे, आणि अशा व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडता, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला ती नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन चार गोळ्या झाडण्याआधीही हे ध्यानात हवं. आणि एडिसनसारख्या मराठी वस्तीच्या न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त काडतुसांची मॅगझिन बेकायदा आहे, पोकळ टोकाच्या गोळ्या घरी ठेवता येतात पण त्या बाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. टेक्ससमधल्या दुकानात पाहिलेली बंदूक तिथे जशीच्या तशी चालत नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा. पिस्तूल पलंगाजवळच्या, बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत मावतं. कार्बाईन मावत नाही. तिला उभी तिजोरी लागते, ती बहुधा तळघरात किंवा कपाटात असते, आणि ‘चटकन हाती यावी’ या आग्रहापोटी ती नुसतीच पलंगाखाली सरकवली जाते. घर आणि रेंज दोन्हींसाठी एकच बंदूक घेतल्यानं जो पैसा वाचतो, तो आधी कुलुपात घालावा, हे आग्रहानं सांगावंसं वाटतं.

कारण आकडे भयंकर आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली आणि त्यांतले निम्म्याहून जास्त मृत्यू आत्महत्येचे होते. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासणारा स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचं बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळलं, स्त्रियांत ते ३५ पटींहून जास्त होतं. त्याच गटानं २०२२ मध्ये दाखवलं की पिस्तूल असलेल्या माणसाबरोबर राहणाऱ्या, स्वतः शस्त्र न बाळगणाऱ्या घरच्यांचा खून होण्याचं प्रमाणही इतरांच्या दुपटीहून अधिक होतं. हे अभ्यास पिस्तुलांचे आहेत, कार्बाईनचे नाहीत. पण भरलेली कार्बाईन पलंगाखाली असलेल्या घराला त्यातून सूट मिळेल, असं मानायला काही आधार नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून बंदूक घेतलेल्या तिघांनी आठवड्याभरात, खरेदीनंतर काही तासांतच, आपलं जीवन संपवलं. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानमालक हादरला. त्यातून दुकानदार, नेमबाज आणि सार्वजनिक आरोग्याची माणसं एकत्र येऊन ‘गन शॉप प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि पुढे इतर राज्यांतही पसरला. गिऱ्हाइकाला बंदुकीची काहीच माहिती नाही आणि शिकायचीही इच्छा नाही, किंवा तो घाईत आणि उद्विग्न दिसतोय, अशी चिन्हं विक्रेत्यानं ओळखावीत आणि विक्री नाकारायला कचरू नये, असं त्यात शिकवलं जातं. घरातलं कोणी खचलेलं असेल, तर काही काळ बंदूक घराबाहेर ठेवावी, हे सांगणारी पत्रकं काउंटरवर ठेवली जातात. काही राज्यांत दुकानं आणि रेंज अशी बंदूक तात्पुरती सांभाळायला घेतात, आणि कोलोराडोसारख्या राज्यांत त्या जागांचा नकाशाच तयार केलेला आहे. नवी कार्बाईन घेणाऱ्यानं मॅगझिन, टॉर्च आणि तिजोरीच्या यादीत जवळच्या अशा एका जागेचा पत्ताही लिहून ठेवावा.